बॅटरी हातात होती, लावली नव्हती: किनवटमधलं एक अस्वल-प्रकरण

पंचनाम्याच्या कागदावर ‘घटनेची वेळ’ असा एक रकाना असतो. वनरक्षकानं तिथं ‘पहाटे अंदाजे ४.३०’ असं लिहिलं आणि पुढच्या रकान्याकडं वळला. मीही त्या कागदावर शेजारी वाकून बघत होतो, पण त्या आकड्यापाशी थांबलो नाही. थांबायला मला दीड महिना लागला.

मी किनवट तालुक्यात वनहक्काचे दावे, ग्रामसभांचे ठराव, नुकसानभरपाईच्या फायली असली कागदं करून देतो. प्राण्यांचा जाणकार नाही. हे प्रकरण माझ्याकडं फाइल म्हणून आलं आणि फाइल म्हणूनच निघून गेलं असतं. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाही. तालुका लहान आहे, ओळखणारे तसेही ओळखतील.

मराठवाडा म्हटलं की लोकांना टँकर आठवतो. नांदेडहून निघून इस्लापूर ओलांडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साग लागतो, डोंगर जवळ येतात, पैनगंगा कुठंतरी खालून साथ देते आणि पलीकडं आदिलाबाद. हाही मराठवाडाच. इथं अस्वल आहे, पूर्वीपासून आहे. माझ्या वयाच्या माणसांना अस्वल पहिल्यांदा दिसलं ते दरवेशाबरोबर, नाकात वेसण घातलेलं. पोराला त्याच्या पाठीवर बसवायचं, म्हणजे भीती जाते. एक केस ताइतात घालून गळ्यात बांधायचा. कायद्यानं तो खेळ बंद झाला ते बरंच झालं, पण अस्वल म्हणजे गरीब, डुलणारं जनावर हा समज त्या पिढीच्या डोक्यात राहून गेला. रानातलं अस्वल वेगळं असतं हे रानाकाठच्या लोकांना मात्र कुणी सांगावं लागत नाही.

घडलं ते असं.

गुढीपाडव्याला तीन-चार दिवस होते. मोहाची फुलं पडायला लागून आठवडा झालेला. साधारण पंचेचाळीस वर्षांची बाई, आंध या आदिवासी समाजातली, वाडीतून एकटीच निघाली. हातात टोपलं, कमरेला पिशवी. तिचं झाड वाडीपासून हाकेच्या अंतराच्या थोडं पुढं, नाल्याच्या काठावर. झाडाखाली पोचली तर बुंध्याच्या पलीकडं काळं काहीतरी बसलेलं. दवाखान्यात तिनं मला सांगितलं ते तसंच लिहितो: “मला वाटलं कुणाची वगार सुटली. फुलं खाऊन टाकंल म्हणून हाकलायला म्होरं गेले. तं ते उभं राह्यलं.”

अस्वलानं किती वेळ मारलं? तिला फार वेळ वाटला. तिची ओरड ऐकून नवरा घरातून धावत पोचला तेव्हा अस्वल गेलेलं होतं, म्हणजे मिनिटा-दोन मिनिटांचाच खेळ. तेवढ्यात कपाळापासून मागं डोक्याची कातडी सोललेली, डाव्या डोळ्याची वरची पापणी फाटलेली आणि तोंडावर आडवा धरलेला डावा हात मनगटाच्या वर मोडलेला. अस्वल मारतं ते असंच, तोंडावर आणि डोक्यावर. खायला मारत नाही. त्याला समोरचा धोका बाजूला करून निघून जायचं असतं.

बाजेवर टाकून तिला डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. तोवर कुणीतरी जखमेत हळद भरली होती. १०८ यायला वेळ लागेल म्हणून जीपनं पुढच्या मोठ्या गावात नेलं, आणि तिथल्या एका खाजगी दवाखान्यात डोक्याला भराभर टाके घातले. दवाखान्याचं नाव घेत नाही. त्या माणसाचा हेतू रक्त थांबवायचाच असणार. पण जनावराच्या चाव्याची जखम अशी लगेच शिवून बंद करायची नसते. आधी पंधरा मिनिटं साबण आणि वाहतं पाणी, मग रेबीजविरोधी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, जखमेत आणि जखमेच्या कडेनं, आणि टाक्यांचं त्यानंतर बघायचं. कुत्र्यासारखंच अस्वलालाही रेबीज होऊ शकतो हे आपल्याकडं बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. नांदेडला पोचल्यावर, म्हणजे आणखी तीन-साडेतीन तासांनी, ते टाके उसवून जखम आतून धुवावी लागली. त्यात हळदीचे गोळे निघाले.

रेबीजच्या लसीचा पहिला डोस त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पहिले तीन नांदेडच्या मुक्कामातच झाले. अठ्ठाविसावा दिवस ऐन तेंदूपत्त्याच्या तयारीत आला आणि घरचे म्हणाले, आता जखम भरली की, कशाला? तिला किनवटला घेऊन जायला मी स्वतः मोटारसायकल काढली. फाइलमध्ये चौथ्या डोसची नोंद आहे, त्यामागं एवढी कथा आहे.

झाडाखालची राख

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला मी गेलो ते तिच्या नवऱ्याच्या आग्रहानं. झाड चांगलं दोन माणसांच्या कवेत न मावणारं. मोहाखाली लोक काय करतात ते सांगायला हवं. फुलं पडायच्या आधी झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात, म्हणजे जमीन स्वच्छ होते आणि पांढुरकी फुलं वेचायला सोपी जातात. उन्हाळ्यात जंगलाला लागणाऱ्या वणव्यांमागं हे एक मोठं कारण असतं, आणि ते सगळ्यांना माहीत असतं.

या झाडाखालीही राखच होती. राखेत पावलं छापल्यासारखी उठतात. अस्वलाच्या मागच्या पायाचा ठसा पहिल्यांदा बघणारा दचकतो, कारण तो अनवाणी माणसाच्या पावलासारखा दिसतो, फक्त बोटांच्या पुढं सुटी सुटी नखांची टोकं रुतलेली असतात. ते ठसे बुंध्याभोवती इतके होते की जागाच तुडवलेली. अस्वल घटकाभर आलेलं नव्हतं, बराच वेळ बसून खात होतं. नाल्याच्या बाजूला विष्ठा पडलेली, तीही मोहफुलांनी भरलेली. गावाकडून बाईच्या चपलेचे ठसे सरळ रेषेत आलेले, आणि बुंध्यापासून चार पावलांवर सगळा गोंधळ.

वनरक्षक जुना माणूस. त्यानं मोठ्या ठशांच्या मध्ये एका जागी बोट दाखवलं. तिथं लहान ठसे होते, तीन-चारच. “पिल्लू पाठीवरनं उतरलं व्हतं,” तो म्हणाला. अस्वलाची पिल्लं थंडीत गुहेत जन्मतात, दोन-तीन महिन्यांनी आईच्या पाठीवर बसून बाहेर पडतात. म्हणजे मोह गळायला लागतो आणि नवी आई पिल्लं घेऊन पहिल्यांदा रानात फिरायला लागते, हे दोन्ही एकाच वेळी.

त्यात अस्वलाची नजर आणि कान बेताचेच. सगळी भिस्त नाकावर. खाताना ते सोंडेसारखं तोंड लावून जोरात ओढतं, वाळवी खाताना तर तो आवाज लांबवर ऐकू येतो, आणि त्या आवाजात त्याला दुसरं काही ऐकू येत नाही. वाघाच्या रानात वाढलेलं हे जनावर. आकस्मिक गाठ पडली तर पळण्यापेक्षा अंगावर जाणं हीच त्याची सवय. झाडावर चढून वाचावं म्हणाल तर तेही चढतं.

हे सगळं मला वनरक्षकानं राखेत काडीनं रेघोट्या ओढत सांगितलं. मग त्यानं पाय आपटून दाखवला. आवाजच नाही. “पाचोळा असता तं बाई येतीय हे त्याला धा हातावरूनच कळलं असतं,” म्हणाला. राख मऊ. चार पावलांवर येईपर्यंत दोघींनाही एकमेकींचा पत्ता नव्हता.

हद्दीचा प्रश्न, आणि माझी चूक

फाइलबद्दल थोडक्यात. राज्य शासनाच्या २०२३ च्या दरांनुसार वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर २५ लाख, कायमचं अपंगत्व आलं तर साडेसात लाख आणि गंभीर जखमीला ५ लाख रुपये मिळतात. अस्वल त्या यादीत आहे. प्रश्न आला तो ‘ठिकाण’ या रकान्यात. झाड वनहद्दीच्या बुरजीपासून, म्हणजे हद्दीच्या खुणेपासून, बारा पावलं आत. बाई रात्री जंगलात का गेली, असं कुणी विचारलं तर काय सांगायचं, या भीतीनं मीच घरच्यांना म्हणालो, ‘हद्दीबाहेर’ सांगा. हे मी करायला नको होतं. पंचनाम्यात खोटं घुसलं की पुढं सगळी फाइलच लंगडी होते. वनरक्षकानं बुरजी मोजली, माझ्याकडं बघितलं आणि काही न बोलता ‘आत’ लिहिलं.

खरं तर घाबरायचं कारणच नव्हतं. गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला आहे, २००६ च्या वनहक्क कायद्यानं मोहफुलांसारखं गौण वनोपज गोळा करणं हा त्यांचा हक्कच. हक्कपत्राची प्रत जोडली आणि तो मुद्दा संपला. हे हक्कपत्र मीच काही वर्षांपूर्वी करून दिलं होतं, तरी ऐनवेळी मलाच आठवलं नाही. पुढं वैद्यकीय प्रमाणपत्रावरच्या एका शब्दासाठी फाइल एकदा परत आली, पैसे यायला पावसाळा उलटला. ते सगळ्याच फायलींत होतं.

“पिंजरा लावा”

घटनेनंतरच्या ग्रामसभेत अपेक्षेप्रमाणे आरडाओरडा झाला. पोरांचं म्हणणं, अस्वल पकडून न्या. अस्वल १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण. ते पकडायलाही राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी आदेश लागतो, आणि पिल्लाला वाचवायला अंगावर आलेल्या मादीसाठी असा आदेश मिळेल असं मला वाटलं नाही. दुसऱ्या कुणी तारेत करंट सोडायची भाषा केली. त्याला म्हाताऱ्यांनीच गप्प केलं, कारण शेजारच्या शिवारात डुकरासाठी सोडलेल्या तारेत माणूस गेल्याचं त्यांना ठाऊक होतं. मी एकच विचारलं, हे अस्वल नेलं तरी मोह नाल्याकाठीच राहणार की नाही? त्यावर सभा थोडी शांत झाली, पण पटलं कुणालाच नाही.

खरं बोलणं झालं ते सभेनंतर, बायांच्या ओट्यावर. मी सहज विचारलं, तुम्ही किती वाजता निघता? कुणी साडेचार म्हणालं, कुणी चार. एका म्हातारीनं सांगितलं की तिच्या सासूच्या काळी पाखरं बोलल्यावर निघायच्या. मग इतक्या लवकर का? उत्तरं यायला लागली आणि त्यात अस्वल कुठंच नव्हतं.

मोह रात्री उशिरा गळायला लागतो आणि सकाळी ऊन चढेपर्यंत गळत राहतो. म्हणजे सहा वाजता गेलं तरी फुलं मिळतात, उलट जास्तच मिळतात. पण दिवस उजाडला की शेळ्या सुटतात आणि शेळीला मोहफूल म्हणजे पेढा. दुसरं, आता खरेदीवाला टेम्पो घेऊन दारात येतो. पूर्वी घरच्यापुरता वेचलेला मोह आता रोख पैसा झाला. रोख पैसा झाला तशी झाडांवरची मालकी ताणायला लागली. जमिनीच्या वाटण्या झाल्या, सातबारे वेगळे झाले, पण वनहद्दीतल्या मोहाच्या झाडांना सातबारा नाही. आज्यानं राखलेलं झाड दोन्ही नातवांचं. मग ज्याची बाई आधी पोचेल त्याची फुलं. एकीनं पाचला जायचं, दुसरीनं तिच्यावर कडी म्हणून साडेचारला, मग चारला.

दवाखान्यात मी बाईला पंचनाम्यासाठी विचारलं होतं, हातात उजेड होता का? ती म्हणाली होती, “बॅटरी व्हती की. पण लावली असती तं जावेला दिसलं असतं.” तेव्हा मी तेवढं ऐकून पुढचा प्रश्न विचारला होता. ओट्यावर बसल्यावर ते वाक्य परत आठवलं. तिची जाऊ समोरच बसली होती, खाली बघत. घटनेच्या आदल्या दिवशी त्या झाडाखाली आधी पोचली होती ती ही जाऊ.

म्हणून वर म्हणालो, त्या ‘४.३०’पाशी थांबायला हवं होतं. अस्वलाचं आणि बाईचं भांडण नव्हतंच, वेळ तेवढी एक झाली होती. ती वेळ आणली होती दोन जावांच्या न झालेल्या वाटणीनं.

वाटणी

हा भाग सगळ्यांत लांब चालला, आणि मला विचाराल तर यातच खरं काम झालं.

वनहक्क कायद्याच्या कलम ५ नं ग्रामसभेला आपल्या सामूहिक जंगलात कुणी कधी कसं जायचं हे ठरवायचा अधिकार दिलाय. पावसाळ्यानंतर, शेतीचं काम हलकं झाल्यावर, आम्ही झाडं मोजायला निघालो. वाडीच्या वहिवाटीतली एकतीस झाडं भरली. प्रत्येकाच्या बुंध्यावर गेरूनं आकडा, वहीत कुटुंबाचं नाव. बावीस झाडांवर वाद नाही. नऊंवर होता. तीन रात्री सभा चालली. एका झाडासाठी एक गृहस्थ सासुरवाडीहून साक्षीदार घेऊन आले, आणि तो साक्षीदार त्यांच्याच विरुद्ध बोलून गेला. पाच झाडं सुटली, त्यांतल्या जावांच्या झाडाला एक दिवसाआड पाळी लावली. चार झाडं अजून तशीच लटकली आहेत.

पाळी ठरल्यावरच वेळेचा नियम मान्य झाला, त्याआधी मी तोच मांडला होता तर सगळ्यांनी हसण्यावारी नेला होता. नियम असा की हातावरच्या रेषा दिसेपर्यंत कुणी वाडीबाहेर पाऊल टाकायचं नाही. घड्याळाची वेळ नको, म्हातारी म्हणाली, घड्याळ ज्याचं त्याचं असतं. निघताना दोघी-तिघींनी मिळून, बोलत जायचं, बॅटरी लावून, हातात काठी. एकानं काठीला बैलाच्या घुंगराचा जुना पट्टा बांधला, तो पोरांना इतका आवडला की आता निम्म्या काठ्या वाजतात.

शेळ्यांचं अवघड होतं. मोहाचे वीस-पंचवीस दिवस शेळ्या नऊच्या आधी सोडायच्या नाहीत, तर शेळीवाल्यांनी काय करावं? त्यांच्यातला एक सरळ म्हणाला, तुमच्या फुलांसाठी माझ्या शेळ्या उपाशी का? त्याला तोड निघाली ती अशी की ज्यांची झाडं जास्त, त्यांनी हंगामाच्या शेवटी शेळीवाल्यांना पायलीभर वाळला मोह द्यायचा. सगळ्यांनी दिला नाही. पण शेळ्या नऊलाच सुटल्या.

पाचोळा पेटवायचा नाही हा ठराव कागदावर एकमतानं झाला आणि रानात अर्धाच पाळला गेला. झाडाखाली हिरवी जाळी बांधली तर फुलं मातीत पडत नाहीत, पण जाळी विकत आणायची कुणी? जुन्या साड्या जोडून बांधल्या. दोन झाडांखाली अस्वलानं साड्या फाडून मधलं खाल्लं. बायांनी ते फारसं मनावर घेतलं नाही, साड्या जुन्याच होत्या. ज्यांनी साड्या बांधल्या त्यांचा पाचोळा राहिला, आणि पाचोळा वाजतो.

पुढचा हंगाम गेला. कुणावर हल्ला झाला नाही. एका हंगामावरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, त्याआधीही कितीतरी हंगाम बिनहल्ल्याचे गेलेच होते. अस्वल दोनदा दिसलं. एकदा जावेलाच, सहा वाजून गेल्यावर, तिच्यासोबत आणखी दोघी होत्या. त्यांच्या बोलण्याचा आवाज ऐकून ते नाल्यात उतरलं, आणि या मागं फिरून अर्ध्या तासानं परत गेल्या. नियम मोडून चारला गेलेला एकजण सापडला. त्याला सभेनं त्या दिवसाची फुलं जमा करायला लावली, आणि ती कुणी घ्यायची यावर वेगळंच भांडण झालं.

बाईची पापणी पूर्ण मिटत नाही, रात्री डोळ्यावर ओलं फडकं ठेवून झोपते. हात बरा आहे. ती स्वतः आता मोहाला जात नाही, सून जाते. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा फुलं पडायला सुरुवात झाली होती आणि झाडाची पाळी यंदा कुणापासून सुरू करायची हे ठरलं नव्हतं. मागच्या साली शेवटचा दिवस आपला होता असं दोघीही म्हणत नाहीत. वहीत त्या दिवसाची नोंद करायची राहून गेली आहे, आणि वही माझ्याकडं होती.